टेबलाचे अडीच इंच

मार्चमधला शेवटचा रविवार, सकाळचे नऊ. रक्कम सात हजार दोनशे रुपये, लाकूड, खिळे आणि टेम्पोचं भाडं धरून. हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि माझे वडील, अण्णा. विषय एकच. घरामागच्या पत्र्याखाली जे कामाचं टेबल करायचं, त्याची उंची किती ठेवायची.

कंपनीच्या स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या की माणसाला आठवणसुद्धा अशीच येते. आधी दिवस, मग आकडा, मग कोण कोण हजर होतं ते. त्या उन्हाळ्याला आता तीन वर्षं झाली. परवा कूलर माळ्यावरून खाली काढला, जाळ्यांत नवं गवत भरलं आणि पाणी सोडलं. म्हणायला गवत, पण तो लाकडाचाच कीस असतो. पहिल्यांदा भिजला की घरभर ओल्या लाकडाचा वास सुटतो. त्या वासाबरोबर तो अख्खा उन्हाळा परत घरात आला आणि माझ्याही आधी अण्णांना कळला. खुर्चीतून डोळे न उघडता ते म्हणाले, "सागवान नाय हे. हलकं लाकूड हाय."

आमच्या चिकलठाण्याच्या बाजूला चैत्र लागला की दुपारी रस्त्यावर फक्त सावल्या उरतात, त्याही भिंतीला चिकटलेल्या. कडुनिंबाचा मोहर गाड्यांच्या टपांवर पडून राहतो. विमानतळ जवळ, त्यामुळे दुपारचं विमान डोक्यावरून गेलं की सुनंदा चहाचं आधण ठेवते. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर सगळी गल्ली जागी, नसेल तर सगळी झोपलेली. शहरात उन्हाळा असा दारं लावून बसतो.

गावाकडं तसं नव्हतं. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं आमचं गाव. तिथं उन्हाळा हा हाताला काम असण्याचा हंगाम. नांगरलेली रानं तापत पडलेली, पेरणीला अवकाश, आणि सगळ्या गावाची औजारं दुरुस्तीला निघालेली. अण्णा धंद्यानं सुतार नाहीत, शेतकरी. पण हात चांगला, म्हणून शेजारपाजारचे लोक खुरप्याचा दांडा, वखराची दांडी, तिफणीचा मोडका फण असं काहीबाही घेऊन आमच्या निंबाखाली यायचे. अण्णा पैसे घेत नसत. मजुरी ठरलेली होती, गुळाचा एक कप चहा. आणि तिचा नियमही ठरलेला: काम केलं त्याला चहा. नुसतं बघत बसलेल्याला नाही. आम्ही भावंडं नुसती बघणारी, त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त वास. बाभळीच्या ओल्या सालीचा आणि उकळत्या गुळाचा.

अण्णा जमिनीवर बसून काम करायचे. उजवा पाय दुमडलेला, डावा लांब, आणि त्या डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि बोटात लाकूड घट्ट धरलेलं. वाकस, म्हणजे लाकूड तासायचं ते आडव्या पात्याचं हत्यार, अंगठ्यापासून चार बोटांवर येऊन थांबायचं. दरवेळी तिथंच. मी पुष्कळदा डोळे मिटून घ्यायचो. त्यांचा पाय हेच त्यांचं टेबल होतं आणि त्याची उंची कोणी कधी मोजली नव्हती.

टेबलाच्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, चाला, उभे राहा, खुर्चीत बसा; पण जमिनीवर बसणं आता बंद. उकिडवं नाही, मांडी घालून नाही. अण्णांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हंजे खुर्चीत बसून मरायचं."

आई जाऊन बरीच वर्षं झालेली. गावी धाकटा भाऊ रमेश शेती बघतो. ऑपरेशननंतर अण्णांना आम्ही आमच्याकडं ठेवून घेतलं. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे ढिले स्क्रू आवळले. दुसऱ्या महिन्यात दारांच्या बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या, देव्हाऱ्याचं दार. मग काही उरलंच नाही. एकदा मी कामावरून आलो तर ते आवळलेले स्क्रू ढिले करून पुन्हा आवळत होते. सुनंदा म्हणाली, "अण्णा, आता माझा एखादा दात हलतोय का बघा. तेवढंच राहिलंय घरात."

ते हसले. पण संध्याकाळी मला म्हणाले, "बापू, मिरग लागला की मी गावाकडं जातो."

अण्णा मला बापू म्हणतात. मी रमेशला फोन केला. तो म्हणाला, "दादा, इथं आले की निंबाखाली जाऊन बसतील. खालीच बसतील. त्यांना कोण आडवणार? तू आडवशील का?" मीही अडवू शकलो नसतो. आणि एकदा का ते तसे बसले, की गुडघा गेला. मृग लागायला अडीच महिने होते. तेवढ्यात या घरात त्यांच्या हातांना उभ्यानं करता येईल असं काम मिळालं तर ते राहतील, नाहीतर जातील. माझा हिशेब इतका सरळ होता. म्हणून टेबल.

जुनं लाकूड आणायला आम्ही शहागंजच्या बाजूला गेलो. पाडलेल्या घरांचे सागवानी वासे, चौकटी असं सगळं एका चिंचोळ्या दुकानात उभं रचलेलं. अण्णांनी एका वाशावरून तळवा फिरवला, नखानं टोकरलं आणि नाक लावलं. दुकानदार बघत होता. म्हणाला, "चाचा, टेबल बैठके काम करने का बनारै क्या खडे रैके?"

"अब खडे रैके," अण्णा म्हणाले. "जिंदगीभर बैठके किया."

"तो हाइट सोचके रखो चाचा. कमर पकड लेती नै तो."

उंचीचं मी आधीच शोधून ठेवलं होतं. टेबल उंच झालं तर खांदे चढतात, बुटकं झालं तर कंबर वाकते. सरळ उभं राहून हात मोकळे सोडायचे आणि जमिनीपासून मनगटाच्या हाडापर्यंत मोजायचं. रंधा मारायला, ठोकायला ती उंची बरी. मला हे पटलं, कारण त्यात मत नव्हतं, आकडा होता.

तर त्या रविवारी सकाळी मी टेप काढली. नमुना म्हणून आधी माझंच माप घेतलं. सुनंदानं खाली टेप धरली, चौतीस इंच भरलं.

"तुझं चौतीस?" अण्णांनी विचारलं.

"हो. आता तुमचं."

ते उठले. टोपी नीट केली, शर्ट खाली ओढला आणि उभे राहिले. झेंडावंदनाला शाळेच्या मैदानावर लोक उभे राहतात तसे. छाती पुढं, हनुवटी वर. मी वाकून मोजलं. पाऊण इंच कमी, सव्वातेहतीस.

"चौतीस धर," ते म्हणाले. "पाऊण इंचाला काय धरून बसतो?"

मी पाऊण इंचाला धरून बसणारा माणूस आहे. पण मला आनंद झाला होता. अण्णा एवढे ताठ उभे राहिलेले मी ऑपरेशननंतर प्रथमच बघत होतो. चौतीस लिहिलं.

टेबल आम्ही दोघांनीच जोडलं. खाचा अण्णांनी खुर्चीत बसून पाडल्या, उचलाउचल माझी. कडेला वॉशिंग मशीन, वर पत्रा, मध्ये टेबल. पत्र्याखालची फरशी एवढी तापायची की अण्णांनी तिथं पोतं भिजवून अंथरलं. गावाहून त्यांची हत्यारं आली तेव्हा त्यांनी ती टेबलावर ओळीनं मांडली, पोत्याच्या अलीकडं चपला काढल्या आणि हात जोडले. दसऱ्याला आम्ही या हत्यारांना झेंडूची फुलं वाहतो, त्यांच्यापुढं चपला घालून अण्णा कधीच उभे राहिलेले नाहीत. हे मला जन्मापासून माहीत. आणि तरी ते माझ्या डोळ्यांसमोर घडत असताना त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

पहिल्या दिवशी रंध्याचा आवाज आला आणि मी आतल्या खोलीत उगाच हसलो. सोलपटं वाऱ्यानं स्वयंपाकघरात यायची. सुनंदा कुरकुर करायची आणि त्यातली लांब, अखंड सोलपटं खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवायची. पण दोन-चार दिवसांत आवाज कमी झाला. थोडा वेळ रंधा, मग शांतता. मी बाहेर जाऊन बघायचो तर अण्णा खुर्चीत, मान चोळत.

"टेबल कसं आहे?"

"झकास हाय."

"मग थांबलात?"

"ऊन लई हाय रे."

ऊन होतंच. मी कूलरचं तोंड त्यांच्याकडं फिरवलं, पत्र्यावर पाणी मारलं. फरक पडला नाही. जेवताना ते पुन्हा मिरगाचं बोलू लागले. कोणती एसटी बरी, कन्नडहून जीप मिळते का, असलं. जीप मिळते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला कळेना की टेबल आहे, लाकूड आहे, हत्यारं आहेत, आणि माणूस तरीही निघालाय तो कशानं.

त्या थांबत-थांबत केलेल्या कामातून त्यांनी पहिली वस्तू केली ती सुनंदासाठी. लांब, रुंद, बुटका पाट. तिनं विचारलं, "एवढ्या लांब पाटावर बसणार कोण?"

"बसायचा नाय, उभं राहायचा," अण्णा म्हणाले. "वट्यापाशी टाक. ज्या गवंड्यानं वटा बांधला, त्यो सहा फुटाचा असंल. कणीक मळताना तुझं खांदं कानाला लागत्यात."

घर बांधताना ओट्याची उंची गवंड्यानं ठरवली होती, सगळीकडं असते तेवढी. सुनंदा पाच फूट. तिनं पाट ओट्यापाशी टाकला, वर उभी राहिली आणि परातीत हात घातले. मी दारात होतो. तिचे खांदे खाली आले. खरंच खाली आले, कोणी वरून ओझं उतरवल्यासारखे. दोन मिनिटं नुसती कणीक मळत राहिली. मग डोळ्याला मनगट लावलं आणि म्हणाली, "कांदा चिरला होता मघाशी."

कांदा चिरलेला नव्हता.

संध्याकाळी तिनं मला मागच्या दाराशी बोलावलं. बाहेर अण्णा रंधा मारत होते. त्यांची पाठ आमच्याकडं होती. ती हळूच म्हणाली, "खांदे बघा."

मी बघितलं. दोन्ही खांदे वर चढलेले, मान त्यांच्यात रुतलेली. सकाळपर्यंत तिचे होते तसेच.

"टेबल उंच झालंय त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही माप कसं घेतलंत आठवतं ना?"

"सरळ उभं करून."

"आणि काम करताना ते सरळ असतात का? पायात काय होतं त्या दिवशी?"

पायात डॉक्टरांनी दिलेली जाड, मऊ तळाची चप्पल होती. ती एक इंच. कामाला उभे राहतात ते अनवाणी. आणि कामाला उभे राहिलेल्या अण्णांची पाठ, आयुष्यभर जमिनीवरच्या लाकडावर वाकलेली पाठ, तिच्या मूळच्या बाकावर यायची. मी टेप आणली. दम खायला त्यांनी एक हात खाली सोडला, तेवढ्यात मागून, न सांगता, मनगटाचं माप घेतलं. साडेएकतीस.

त्यांनी मान वळवली. "काय करतो रं?"

"अण्णा, टेबल तुम्हाला अडीच इंच उंच झालंय."

"तुला बराबर हाय ना?"

"माझा काय संबंध?"

त्यांनी रंधा आडवा ठेवला, त्याचं पातं पुसलं. "संबंध कसा नाय? मी काय कायमचा हाय का? सागवान हाय हे. शंभर वरीस हलायचं नाय. माझ्या मापाचं करून ठिवलं तर मागं तू जलमभर वाकून काम करशील. म्हून म्हनलं, तुझ्या मापाचं व्हऊ दे. माझं काय, भागतंय."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही मुद्दाम ताठ उभे राहिलात?"

"लई ताठ राह्यलो," ते म्हणाले. "तरी पाऊण इंच कमीच भरलो."

मला हसू येत होतं. मी म्हणालो, पाय कापू. ते ऐकेनात. चांगल्या लाकडाला कोणी असं करतं का? कापलेलं पुन्हा जोडता येतं का? मी म्हणालो, मी वाकीन. ते म्हणाले, तुझी कंबर आत्ताच कुरकुरती. सरासरी काढून मधला आकडा धरावा असंही माझ्या मनात येऊन गेलं; पण मधल्या आकड्यावर दोघांचंही दुखलं असतं.

शेवटी सुनंदा मध्ये आली. "अण्णा, माझा ओटा माझ्या मापाचा नव्हता तर तुम्ही पाट केलात. तुमच्या टेबलाखाली पाट नाही चालायचा, गुडघा हाय तुमचा, घसरलात म्हंजे? कापा पाय. तुकडे टाकू नका, ठेवून द्या. झालं."

ती रागावली की तिच्या माहेरचं बोलणं येतं. अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "उलटं कर टेबल."

मी खुणा केल्या, करवत त्यांनी धरली. चार पाय, चार तुकडे, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. ते त्यांनी हातात घेऊन एकेक हुंगले आणि खिशात घातले. "कापलेल्या तोंडाला जवसाचं तेल पाजतो. दोन दिस उलटंच राहू दे." मी कामावर गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही टेबल सरळ केलं. त्यांनी चपला काढल्या, पोत्यावर उभे राहिले, रंधा लाकडावर ठेवला आणि ढकलला. एक लांब, न तुटलेलं सोलपट वर येत राहिलं. खांदे होते तिथंच होते, खाली.

मिरग लागला. रमेशचा फोन आला, पेरणीची गडबड आहे म्हणाला. अण्णांनी त्याला सगळं विचारलं, बियाणं, बैल, विहीर. शेवटी म्हणाले, "माझा गिरमीट राह्यला तिथं, कुणाबरोबर तरी धाडून दे." गिरमीट म्हणजे भोक पाडायचं हत्यार. जाणार नाही, असं ते कधी बोलले नाहीत. पण ज्याची हत्यारं इथं येतात, तो माणूस इथं राहतो.

त्यानंतर गल्लीतल्या पुष्कळ घरांत अण्णांच्या हातचं काही ना काही गेलं. पोळपाट, लाटणी, कुणाच्या पाळण्याची खुंटी, एका रिटायर्ड मास्तरांची काठी. मजुरी तीच, गुळाचा चहा. सुनंदानं गुळाचा वेगळा डबा केला.

हे सगळं मी भूतकाळात लिहितोय, कारण गेल्या दिवाळीपासून अण्णा टेबलापाशी उभे राहत नाहीत. गुडघा चांगला आहे. बाकीचं शरीर दमलंय. हाताला कंप आहे. पत्र्याखाली खुर्ची टाकून बसतात, टेबलाकडं बघतात. हत्यारांवर मी तेलाचा हात फिरवतो. टेबल साडेएकतीसलाच आहे. ते तेवढंच राहू द्यायचं, असा माझा मनातल्या मनात ठराव होता. टेबल त्यांच्या मापाचं आहे तोवर ते कधीतरी उठून येतील. हा हिशेब कुठल्याही कागदावर टिकणारा नाही, मला ठाऊक आहे.

परवा कूलर काढला तर त्याच्या स्टँडचा एक पाय मोडलेला. लाकडी स्टँड, अण्णांनीच केलेला. दुसरा पाय करायला मी टेबलापाशी गेलो आणि सकाळभर वाकून तासत राहिलो. अण्णा खुर्चीतून सांगत होते, धार कुठं लागते, कुठं जोर नको. दुपारचं विमान गेलं तेव्हा मी सरळ व्हायला गेलो आणि होता आलं नाही. टेबलाला धरून तसाच उभा राहिलो.

"कंबर ना?" अण्णा म्हणाले.

"नाही, नाही. जरा आखडली."

"खोटं बोलू नको. माझ्या खाटंखाली कापडी पिशवी हाय. ती आण."

पिशवीत चार तुकडे होते. तेच. पण प्रत्येकाच्या वरच्या तोंडातून सागवानी खुंटी बाहेर आलेली, बोटाएवढी, गोल, तासून गुळगुळीत केलेली.

"आता टेबल उलटं कर."

मी सुनंदाला हाक मारली, दोघांनी मिळून उलटं केलं. पायांच्या तळाला चार भोकं होती. तीन वर्षं मी त्या टेबलावर हात ठेवून उभा राहिलो होतो, त्याचे तळ कधी बघितले नव्हते.

"हे कधी केलंत?"

"तू कामावर गेलता तवा. तेल पाजलं ना, दोन दिस. शेजारच्याकडून गिरमीट मागून आनला." वर म्हणाले, "त्याच्या गिरमिटाला धार नव्हती. म्हून तर माझा मागवला."

मी म्हणालो, "राहू द्या अण्णा. एवढ्यात कशाला? तुम्हाला बरं वाटलं की लागेलच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. सुनंदाच्या खांद्यांकडं बघायचे तसं बघितलं. "बापू, माझं करून झालं. लई केलं, ह्याच्यावर तर लईच केलं. आता मी बसतो आन तू कर. बसवतो का मी उठू?"

मी बसवले. खुंटी भोकात आवाज न करता गेली, चारही वेळा. मी फेविकॉलची बाटली शोधायला लागलो तर म्हणाले, "डिंक लावू नको. कवा बी काढता आलं पायजे. तुझी पाठ बी येईल खाली, एक दिवस."

टेबल सरळ केलं. मी चपला काढून पोत्यावर उभा राहिलो, हात सोडले. टेबल बरोबर मनगटाशी आलं. स्टँडचा पाय पुरा केला, कंबर एकदाही मध्ये आली नाही. अण्णा डोळे मिटून रंध्याचा आवाज ऐकत होते. पुरा झाल्यावर तो पाय त्यांनी मागून घेतला, कापऱ्या अंगठ्यानं त्याची कड चाचपली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक दिली, "सुनंदा, चहा टाक. गुळाचा. दोन टाक. बापूनं बी काम केलंय."

लाकडाला नवा खर्च नाही, खिळ्यांना नाही, डिंकाला नाही. मजुरी दोन कप चहा. एक अण्णांना दिला, एक मला. दोन्ही सुनंदानं दिले.